खोकल्याची बाटली

सरकारी दवाखान्यांत जातांना घरून रिकामी बाटली धुऊन न्यावी लागत असे, तो काळ पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणांत असेल. कंपाउंडर मोठ्या बरणींतलें तांबूस औषध तींत ओतून देई, आणि मात्रा चुकूं नयेत म्हणून कातरीनें खांचे पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवी. खोकला म्हटला कीं ही बाटली ठरलेली. तो खोकला दोन दिवसांचा कीं दोन महिन्यांचा, हें विचारण्याची सवड बहुधा कोणालाच नसे. रोगी बाटली घेऊन घरीं येई. औषध संपे, खोकला मात्र राही. आणि मग तो पुन्हां बाटली धुऊन दवाखान्याची वाट धरी.

ह्या साध्या बाटलींत क्षयरोगाच्या इतिहासांतला एक मोठा प्रश्न दडलेला होता, आणि तो उघडकीस आला तो कोणा प्रयोगशाळेंत नव्हे, तर तुमकूर जिल्ह्यांतील खेडुतांच्या घरीं जाऊन त्यांचें म्हणणें ऐकून घेतल्यामुळें.

रोग ओळखण्याची विद्या कांहीं नवी नव्हे. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख ह्यानें बर्लिन येथें क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला. त्यानंतर थोड्याच अवधींत थुंकींतील जंतु रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत रूढ झाली. एक कांचपट्टी, थोडा रंग, एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरूं जाणणारा एक मनुष्य, एवढ्या सामग्रीवर निदान होऊं शकतें. पुढें १९४४ सालीं स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ सालीं आयसोनियाझिड हीं औषधें हातीं आलीं, आणि असाध्य मानलेला रोग साध्य झाला. निदान आहे, औषध आहे. मग रोग्याची आणि कांचपट्टीची गांठ कां पडत नाहीं?

सुशिक्षितांच्या बैठकींत ह्या प्रश्नाचें उत्तर तयारच असतें. लोक अडाणी आहेत. त्यांना रोगाचीं लक्षणें कळत नाहींत. कळलीं तरी ते भगताकडे नाहीं तर वैदूकडे जातात. सबब त्यांना शहाणें करून सोडावें, म्हणजे ते आपण होऊन तपासणीला येतील. हें उत्तर सोईचें आहे, कारण त्यांत सगळा दोष उंबऱ्याच्या पलीकडे, रोग्याच्या पदरांत पडतो. तें खरें आहे कीं काय, हें रोग्यालाच विचारून पाहावें असें मात्र फार दिवस कोणाच्या मनांत आलें नाहीं.

१९५५ ते १९५८ ह्या वर्षांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें देशाच्या सहा विभागांत क्षयरोगाची पाहणी केली, आणि क्षय हा शहरांतल्या कोंदट चाळींचा रोग आहे ही समजूत तिनें पार मोडून काढली. खेड्यांतही तो जवळजवळ तितकाच पसरलेला आढळला. लाखो गांवांत विखुरलेल्या रोग्यांना शोधावयाचें कसें, हा पेंच त्यामुळें उभा राहिला. घरोघर क्ष-किरणांचीं यंत्रें फिरविण्याइतका पैसा नव्या स्वतंत्र देशापाशीं नव्हता. १९५९ सालीं बंगलोर येथें राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, तेव्हां तिच्यापुढें हाच पेंच होता. संस्थेनें जंतुशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ह्यांच्या जोडीला समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही कामांत घेतलें. त्या काळीं ही गोष्ट सामान्य नव्हती.

देबबर बॅनर्जी हे भारतीय डॉक्टर आणि स्टिग अँडरसन हे डॅनिश समाजशास्त्रज्ञ ह्या दोघांनीं मिळून जें काम केलें, तें १९६३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झालें. तुमकूर जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांत व तुमकूर शहराच्या कांहीं भागांत लोकांचीं क्ष-किरण चित्रें आधींच घेतलेलीं होतीं. ज्यांच्या चित्रांत रोगाची छाया दिसली अशीं माणसें, आणि त्यांच्याशीं ताडून पाहण्यासाठीं निरोगी छातीचीं माणसें, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांशीं घरीं जाऊन बोलणें झालें. प्रश्न अगदीं घरगुती होते. खोकला आहे काय? ताप येतो काय? छातींत दुखतें काय? थुंकींतून रक्त पडलें होतें काय? आणि असल्यास, त्याची मनाला काळजी वाटली काय? वाटली, तर पुढें काय केलें? लक्षण जाणवणें, त्याची काळजी वाटणें आणि त्यासाठीं हालचाल करणें ह्या तीन पायऱ्या अभ्यासकांनीं निरनिराळ्या धरल्या, हें त्यांच्या कामांतलें मर्म होय. लोकांना कळत नाहीं असें म्हणणारा ह्या तिन्ही पायऱ्यांचा एकच गोळा करीत असतो.

उत्तरें आलीं तीं विचार करावयास लावणारीं होतीं. ज्यांच्या थुंकींत जंतु निश्चित सांपडले, त्यांच्यांतील शंभरांपैकीं सुमारे ९५ जणांना लक्षणें जाणवलीं होतीं. बहुतेकांना त्यांची काळजीही लागली होती. आणि निम्म्याहून अधिक लोक त्या लक्षणांसाठीं पाश्चात्य पद्धतीचें औषध देणाऱ्या दवाखान्यांत जाऊन आलेले होते. भगताच्या मागें लागलेला अडाणी रोगी म्हणून ज्याचें चित्र रंगविलें जाई, तो रोगी खरें पाहतां कांहीं कोस तुडवून, दिवसाची मजुरी बुडवून, सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून आला होता. तेथें त्याला काय मिळालें? खोकल्याची बाटली. थुंकी तपासावी असें तेथें कोणाच्या मनांत आलें नाहीं, अथवा आलें तरी तपासण्याची सोय नव्हती.

ह्या शोधाचें महत्त्व केवळ आंकड्यांत नाहीं. रोगी शोधण्यासाठीं गांवोगांव हिंडण्यापूर्वीं जो रोगी आपल्या पायांनीं दारांत आला आहे त्याला तपासावें, हा साधा व्यवहार त्यांतून निघाला. १९६२ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची बैठक ह्याच विचारावर बसविलेली होती. क्षयासाठीं निराळे दवाखाने न उघडतां सामान्य दवाखान्यांतच थुंकी तपासावी आणि औषधही तेथेंच द्यावें, अशी ती योजना. बंगलोरच्या त्या कामांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें भाग घेणारे हाफडन माहलर हे पुढें १९७३ पासून १९८८ पर्यंत त्या संघटनेचे महासंचालक होते. खेड्यांतला रोगी काय म्हणतो हें आधीं ऐकावें, हा धडा त्यांनीं तुमकूरच्या वेळेपासून जवळून पाहिला होता.

योजना चांगली असली म्हणजे ती चालतेच असें नाहीं. सूक्ष्मदर्शकापेक्षां क्ष-किरण चित्राचा दिमाख डॉक्टरांना अधिक वाटे; औषधांचा पुरवठा मध्येंच आटे; पैसा अपुरा पडे. १९९२ सालीं कार्यक्रमाचें परीक्षण झालें, तेव्हां ह्या सर्व उणिवा पुढें आल्या, आणि १९९७ पासून सुधारलेला कार्यक्रम देशभर पसरूं लागला. पण तोंवर एक निराळीच गोष्ट घडून गेली होती. बाटली धुऊन सरकारी दवाखान्यांत जाणारा रोगी आतां गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या खासगी डॉक्टरकडे जाऊं लागला होता. तेथें रांग लहान, वेळ संध्याकाळची, आणि बोलणें आपुलकीचें. ह्यांत त्याचें काय चुकलें?

त्या खासगी डॉक्टरच्या हातून काय घडतें, हें मुंबईच्या धारावींत मुकुंद उपळेकर ह्यांनीं पाहिलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत सुमारे शंभर डॉक्टरांना क्षयावर कोणतीं औषधें द्यावींत असें विचारलें होतें. त्यांनीं मिळून औषधांच्या ८० निरनिराळ्या योजना लिहून दिल्या, आणि त्यांपैकीं बहुतेक अयोग्य व महाग होत्या. एकाच वस्तींत, एकाच रोगावर, जितकीं दारें तितके उपचार!

औषधाची ही तऱ्हा, तर तपासणीची काय असावी? कागदावर प्रश्न देऊन ह्याचें खरें उत्तर मिळणें कठीण, कारण परीक्षेंत काय लिहावें हें प्रत्येकाला ठाऊक असतें. म्हणून अलीकडच्या अभ्यासकांनीं एक नवी युक्ति योजिली. सर्वसाधारण माणसें निवडून त्यांना रोग्याची भूमिका शिकविली. दोन-तीन आठवडे खोकला, बारीक ताप, अशी तक्रार घेऊन तीं दिल्लींतील डॉक्टरांकडे गेलीं. डॉक्टरांनीं अशा परीक्षेस आधीं संमति दिलेली होती. मात्र येणारा रोगी खरा कोणता आणि सोंग घेतलेला कोणता, हें त्यांना ठाऊक नव्हतें. हा २०१४ सालचा प्रयोग. अडीचशें भेटी झाल्या. थुंकी तपासा, छातीचें चित्र काढा, किंवा मोठ्या दवाखान्यांत जा, ह्यांपैकीं प्रसंगाला शोभेल तें सांगितलें तरी डॉक्टर उत्तीर्ण, इतकी कसोटी सैल होती. तरीही योग्य वागणूक मिळाली ती शंभरांत सुमारे २१ भेटींत. पुढें मुंबई व पाटणा येथें अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या. तेथें हें प्रमाण शंभरांत सुमारे ३५ निघालें. उरलेल्या वेळीं रोग्याच्या हातीं पडलें तें बहुधा कसलें ना कसलें औषध. तांबूस मिश्रणाच्या जागीं रंगीत वेष्टनांतल्या गोळ्या आल्या, एवढाच फरक.

औषधांच्या दुकानांतही अशीच परीक्षा घेण्यांत आली, आणि तिचा निकाल अधिक बोलका आहे. नुसता खोकला व ताप सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला योग्य सल्ला मिळाला तो शंभरांत १३ वेळां. पण तोच गिऱ्हाईक थुंकींत जंतु सांपडल्याचा कागद घेऊन गेला, तेव्हां शंभरांत ६२ वेळां दुकानदारानें त्याला नीट वाट दाखविली. क्षयाचीं मुख्य औषधें मात्र एकाही दुकानदारानें परस्पर दिलीं नाहींत, हें त्यांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. दुकानदार तोच, खोकला तोच. वर्तन पालटलें तें एका कागदानें. तो कागद हातीं येईपर्यंतचा काळ हाच काय तो रोग्याचा वनवास. देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ सालीं काढलेल्या हिशेबाप्रमाणें खोकला सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत रोग्याचे सुमारे ५५ दिवस जात, आणि निदान होण्यापूर्वीं सरासरीनें तो जवळजवळ तीन वैद्यांचीं दारें झिजवीत असे. ह्या ५५ दिवसांत तो घरांत, गाडींत, कारखान्यांत खोकत असतो, हें वेगळें सांगावयास नको.

आतां दुसरी बाजू. २०१९ ते २०२१ ह्या काळांत देशभर क्षयरोगाची नवी पाहणी झाली. क्षयासारखीं लक्षणें असलेल्या लोकांपैकीं शंभरांत ६४ जण कोणत्याच वैद्याकडे गेले नव्हते, असें तींत दिसून आलें. तुमकूरचे निम्म्याहून अधिक लोक दवाखान्यांत गेले होते, आणि आतांचे दोन-तृतीयांश लोक जात नाहींत. तेव्हां लोक अधिक बेफिकीर झाले असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. तुमकूरचा तो आंकडा सिद्ध झालेल्या रोग्यांचा होता. नव्या पाहणीचा आंकडा लक्षणें असलेल्या सर्वांचा आहे, आणि त्यांत पुष्कळांचा खोकला सौम्य असणार. हीं दोन मापें एका तराजूंत घालतां येत नाहींत.

परंतु न जाण्याचीं जीं कारणें त्या पाहणींत नोंदलीं गेलीं, त्यांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. शंभरांतल्या ६८ जणांपुढें लिहिलें आहे: लक्षणांकडे दुर्लक्ष केलें. १८ जणांना तीं क्षयाचीं वाटलीं नाहींत. १२ जणांनीं स्वतःच औषध घेतलें. आणि पैसे नव्हते असें म्हणणारे अवघे दोन. हें वाचून बैठकींतल्या मंडळींना पुन्हां हुरूप येईल. पाहा, दुर्लक्षच! पण ‘दुर्लक्ष’ हा शब्द नोंदवहींतल्या चौकटीचा आहे. माणसाच्या मनांतला नव्हे. दुर्लक्ष म्हणजे काय, हें चौकटींत खूण करून कळत नाहीं. त्यासाठीं रोग्यापाशीं बसावें लागतें.

१९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मुंबईच्या गरीब वस्तींतील थोड्याच क्षयरोग्यांशीं असें सविस्तर बोलणें झालें होतें. पुरुषांना धास्ती होती ती मजुरी बुडण्याची, अंगांतलें बळ जाण्याची, लांबलेल्या गैरहजेरीची. स्त्रियांच्या भीतीचा रंग निराळाच होता. नवरा टाकील, सासरचीं माणसें छळतील, अविवाहित मुलीचें लग्न जमणार नाहीं, आणि ह्या सर्वांच्या भरीला नोकरी जाईल. अशा स्त्रीनें खोकल्याकडे केलेलें ‘दुर्लक्ष’ हें अज्ञान म्हणावें काय? तिला चांगलें ठाऊक आहे कीं तपासणीच्या कागदावर जें नांव लिहिलें जाईल, तें घरांत कसें वाचलें जाईल. ती आपल्या परीनें हिशेब करीत असते. तो हिशेब चुकीचा ठरतो, कारण रोग वाढतो; परंतु हिशेब नाहींच असें म्हणणें अन्यायाचें आहे.

ह्या भीतीला जुना इतिहासही आहे. क्षय म्हणजे आरोग्यधामांत रवानगी, असा एक काळ होता. मिरज, औंध, शिवडी हीं नांवें मराठी घरांत पूर्वीं आवाज उतरवून घेतलीं जात. जो गेला त्याचीं भांडीं वेगळीं, अंथरूण वेगळें. आणि परत आला तरी त्याच्याशीं बोलणें जपूनच. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या केंद्रानें हा समज खोटा ठरविला. १९३ रोग्यांपैकीं कांहींना घरींच, तर कांहींना आरोग्यधामांत ठेवून एकाच औषधांनीं उपचार केले. घरीं राहिलेले रोगीही तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना रोगाचा अधिक उपद्रव झाला नाहीं. हा निष्कर्ष १९५९ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यानें जगभरची उपचारपद्धति पालटली. लोकांच्या मनांतलें वेगळें भांडें मात्र अजून मांडणीवरून पुरतें खालीं उतरलेलें नाहीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तामिळनाडूंतील एका पाहणींत, घरांत क्षय शिरल्यावर शाळकरी मुलांपैकीं पांचांतल्या एकाची शाळा सुटल्याचें आढळलें. कागदाची किंमत केवळ रोग्यानेंच मोजावी लागते असें नाहीं.

यंत्रें सुधारलीं आहेत, ह्यांत संशय नाहीं. २००९ पर्यंत थुंकीचे तीन नमुने मागत. म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाच्या दोन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी. मग ते दोनांवर आले. आतां जंतूंचीं बीजद्रव्यें ओळखणारी चांचणी कांहीं तासांत उत्तर देते, आणि औषधाला दाद न देणारा जंतु असल्यास तेंही सांगते. त्यांतलें ट्रूनॅट नांवाचें लहान यंत्र गोव्यांतील कंपनीनें तयार केलेलें असून तें बॅटरीवर चालतें. विजेचा भरंवसा नसलेल्या आरोग्य केंद्रांत त्याचा विशेष उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं त्याला मान्यता दिली. नव्या राष्ट्रीय पाहणीनें असेंही दाखविलें कीं छातीचें क्ष-किरण चित्र काढलें नसतें, तर सांपडलेल्या रोग्यांपैकीं शंभरांत ४२ हून अधिक जण निसटून गेले असते. म्हणजे ज्यांना सांगण्याजोगीं लक्षणेंच नाहींत असे रोगीही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाबतींत तुमकूरचा धडा पुरा पडत नाहीं. त्यांच्यापर्यंत यंत्र घेऊन जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. तरीही यंत्रांत घालावयाची थुंकी शेवटीं माणसानेंच द्यावयाची असते, आणि त्या ठिकाणीं केवढी मोठी अडचण केवढ्या लहान रूपानें उभी राहते, ह्याचें एक उदाहरण पाकिस्तानांतील रावळपिंडी शहरांतलें आहे.

तेथील क्षयरोग केंद्रांत पुरुषांच्या मानानें स्त्रियांच्या थुंकींत जंतु कमी वेळां सांपडत. स्त्रियांना रोग कमी होतो, असें मानून गप्प बसणें सोपें होतें. अभ्यासकांनीं निराळी शंका घेतली. परक्या माणसांच्या देखत घसा खाकरून बेडका काढणें ही गोष्ट स्त्रियांना लाजिरवाणी वाटते. तेव्हां डबींत येते ती छातींतली थुंकी नसून नुसती तोंडांतली लाळ असावी. लाळेंत जंतु कोठून सांपडणार? म्हणून त्यांनीं चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें रोग्यांचे दोन भाग केले. एका भागाला नेहमींप्रमाणें डबी हातांत दिली. दुसऱ्या भागाला लाळ आणि बेडका ह्यांतला फरक, खोल श्वास घेऊन छातींतून खोकण्याची रीत, हें थोडक्या शब्दांत समजावून सांगितलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत कांहींही न सांगितलेल्या स्त्रियांपैकीं शंभरांत ८ जणींच्या, तर समजावून सांगितलेल्यांपैकीं शंभरांत १३ जणींच्या थुंकींत जंतु सांपडले. पुरुषांच्या बाबतींत सांगण्या-न-सांगण्यानें म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. आणि ज्या स्त्रियांना नीट समजावलें होतें, त्यांच्यापैकीं अधिक जणी दुसऱ्या दिवशींचा सकाळचा नमुना घेऊन केंद्रावर परत आल्या.